तांबवेकरांचा सोबती

पहिली पाच वर्षं मोहन तांबवेकरांच्या हातात मी ओझं असं कधी पाहिलंच नाही. मोबाईल असायचा, पण ज्याला वजन म्हणतात असं काही नाही. टोकियोजवळच्या उरायासुच्या बाजारातून ते परत यायचे ते दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान जरा वर करून, कुठल्यातरी बांधकामाच्या पाहणीवर निघाल्यासारखे. त्यांच्या मागे वीस पावलांवर सुनंदाकाकू. एका हातात तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात दूध आणि भाजी, आणि दंडाला अडकवलेली काकांची छत्री. मी चौथ्या मजल्यावर राहायचे, ते सहाव्या. लिफ्टपाशी गाठ पडली की मी काकूंच्या हातातली एक पिशवी घ्यायचे आणि काका लिफ्टचं बटण दाबायचे. बटण दाबल्यावर आपणही हातभार लावल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

काका मूळचे चिंचवडचे. टोकियोतल्या एका कंपनीत ते टेस्टर होते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधले दोष शोधायचे आणि प्रत्येकाला क्रमांक द्यायचा. ही सवय त्यांनी ऑफिसात ठेवली असती तर आमचं काही म्हणणं नव्हतं. पण त्यांनी सगळ्या जपानलाच क्रमांक देऊन टाकले होते. बँकेत अजून शिक्का मारावा लागतो हा दोष क्रमांक एक्केचाळीस. ट्रेनमध्ये कोणी बोलत नाही हा अठ्ठ्याऐंशी. "आणि आपण बोललो तर बघतात, हा वेगळा बग आहे. तो एकोणनव्वद," ते समजावून सांगायचे. मग नेहमीचं वाक्य यायचं, "पद्धतच चुकीची आहे." ही यादी मोबाईलमध्ये होती आणि जेवायला बोलावलं तर गोड पदार्थाच्या आधी वाचून दाखवली जायची.

त्यांचा सगळ्यात मोठा गुण मला आमच्या इमारतीतल्या एका सूचनेमुळे कळला. इथे तुमचं काही चुकलं तर तोंडावर कोणी सांगत नाही. दोन दिवसांनी लिफ्टमध्ये एक कागद लागतो. 'अलीकडे काही रहिवाशांकडून' अशी त्याची सुरुवात असते, शेवटी सहकार्याबद्दल आभार असतात, आणि खाली कमरेत वाकून नमस्कार करणाऱ्या बाईचं किंवा अस्वलाचं चित्र. नाव कोणाचंच नसतं, आणि कोणाबद्दल आहे ते सगळ्या इमारतीला माहीत असतं. ज्याच्याबद्दल असतं तोही वाचतो, मनातल्या मनात शरमतो आणि सुधारतो. मामला मिटतो.

त्या वेळचा कागद कचऱ्याबद्दल होता. काही रहिवासी प्लास्टिकच्या बाटल्या झाकणं न काढता टाकत आहेत, असं त्यात म्हटलं होतं. बाटल्यांची झाकणं काढून त्या चेपायचं काम तांबवेकरांच्या घरी काकांकडे होतं, कारण ते बसून करता येतं. काका लिफ्टमध्ये तो कागद मोठ्याने वाचत होते आणि शेजारी काकू पिशवीभर बाटल्या घेऊन उभ्या होत्या. प्रत्येक बाटलीवर निळं झाकण.

"कोण असतात गं हे लोक?" काकांनी मला विचारलं. "इतक्या वर्षांत एवढी साधी गोष्ट कळू नये?"

संध्याकाळी त्यांनी इमारतीतल्या भारतीयांच्या ग्रुपवर कचऱ्याच्या शिस्तीवर एक लांबलचक मेसेज टाकला. आपल्या काही लोकांमुळे देशाचं नाव खराब होतं असं त्यात होतं. त्यावर अकरा जणांनी हात जोडले.

या माणसाला नेमबाजीला मीच घेऊन गेले, हे मला मान्य केलं पाहिजे. माझ्या ऑफिसमधल्या कुरोकीसान ('सान' म्हणजे आपलं 'जी') एका क्लबच्या सभासद आहेत. खऱ्या बंदुका इथे सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून ही मंडळी प्लास्टिकचे बारीक छर्रे मारणाऱ्या, गॅसवर चालणाऱ्या पिस्तुलांनी सामने खेळतात. पिस्तूल खेळण्यातलं, पण सामना अगदी खरा. चिबाच्या जंगलातलं एक मैदान, त्यात सहा स्टेज. प्रत्येक स्टेजवर कागदाची आणि पत्र्याची लक्ष्यं मांडलेली असतात. पंच 'स्टँड बाय' म्हणतो, सगळे श्वास रोखतात, टायमर 'पीप' करतो आणि खेळाडू धावत धावत लक्ष्यं टिपतो. वेळ कमी आणि नेम अचूक, तो जिंकला. मी तिथे गुण लिहायला जायचे. काका एकदा बघायला म्हणून आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सहा दोष काढले. नेम मात्र बरा होता, त्यामुळे ते सभासद झाले. अर्जावर ओळख देणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. तिथे माझं नाव पडलं. इथे ओळख देणं म्हणजे नुसती सही नसते. त्या माणसाबद्दलची प्रत्येक तक्रार त्यानंतर आयुष्यभर तुमच्याकडे येते.

क्लबमध्ये लेखी नियम ढीगभर असतील, पण न लिहिलेले दोनच. आपलं सामान आपण न्यायचं, आणि एकाची खेळी झाली की बाकीच्यांनी धावत जाऊन पत्रे उभे करायचे, कागदावरच्या भोकांवर चिकटपट्ट्या लावायच्या. मोरितासान क्लबचे प्रमुख, वय एकाहत्तर, गुडघ्याला पट्टा बांधलेला. तेसुद्धा पाठीवर पिशवी टाकून बसस्टॉपपासूनचा चढ चढायचे आणि पत्रे उचलायला सगळ्यात पुढे असायचे. काका तेव्हा 'अॅनालिसिस' करत असायचे. त्यांचं सामान, म्हणजे पिस्तुलाची पेटी, छर्रे, गॅसचे डबे, घडीची खुर्ची, छत्री, थर्मास आणि पोळीभाजीचे तीन मजली डबे, हे सगळं घडीच्या हातगाडीवर लादून सुनंदाकाकू चढावरून ओढत आणायच्या. सगळा दिवस त्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या, कारण खुर्ची एकच होती. जपानी मंडळी त्यांच्याकडे बघून वाकायची आणि मग घाईने दुसरीकडे बघायची.

दोन वर्षांनी काकूंना नोकरी लागली. स्टेशनपलीकडच्या वृद्धाश्रमात आधी स्वयंपाकघरात, मग म्हाताऱ्यांच्या देखभालीला. ऑफिसात न जाता काकूंचं जपानी काकांच्या पुढे गेलं, कारण काका बोलायचे इंग्रजीत आणि काकूंना ऐकायची सवय होती. रविवारी त्यांची ड्यूटी असायची. त्यामुळे पहिल्या रविवारी काकांना स्वतःचं सामान स्वतः न्यायची वेळ आली. ते सामन्याला आलेच नाहीत. पाठीत उसण भरली, असं त्यांनी कळवलं. कशाने भरली हे विचारायचा मोह मी आवरला.

दुसऱ्या दिवसापासून सहाव्या मजल्याच्या गॅलरीतून ड्रिलचा आवाज यायला लागला. जुन्या विजेच्या व्हीलचेअरची मोटर, चार जाड चाकं, वर अॅल्युमिनियमची चौकट. तीन महिन्यांनी काकांनी मला वर बोलावलं. कमरेला त्यांनी काड्यापेटीएवढी एक डबी अडकवली होती. ते दिवाणखान्यात चालायला लागले आणि ती मोटरची गाडी त्यांच्या मागोमाग, दोन पावलं अंतर ठेवून, आपण होऊन निघाली. काका थांबले, गाडी थांबली. काका वळले, गाडी वळली.

"नाव काय ठेवलंय माहितीये? सोबती," काका म्हणाले. "कटकट नाही, दमला म्हणत नाही, रविवारची ड्यूटी नाही."

काकू स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. कणीक जरा जोरात मळली गेली.

सोबतीत एक छोटी अडचण होती. तो स्वतः एका माणसाच्या वजनाचा होता आणि पायऱ्या चढत नव्हता. त्यासाठी काका दर वेळी भाड्याने व्हॅन घ्यायचे. व्हॅनमध्ये चढवताना एक बाजू काका धरायचे आणि दुसरी बाजू सकाळी ड्यूटीला निघालेल्या काकू. मैदानावर उतरवताना दुसरी बाजू माझी. म्हणजे एका पुरुषाला ओझं उचलावं लागू नये यासाठी दोन बायका आता पहिल्यापेक्षा तिप्पट ओझं उचलत होत्या. मी हे काकांना सांगितलं. त्यांनी ते 'सुधारणा सुचवल्या' या यादीत लिहून घेतलं.

मैदानावर सोबतीचं स्वागत झोकात झालं. सगळे भोवती जमले, "सुगोई, सुगोई", म्हणजे भारीच, असं म्हणाले, फोटो काढले. काका हात पाठीमागे बांधून स्टेजवरून स्टेजवर हिंडत होते आणि मागे सोबती खुर्ची आणि डबे घेऊन घरघरत होता. दुपारी मोरितासानांची खेळी आली. ते रेषेवर उभे राहिले. पंच म्हणाला, "स्टँड बाय." जंगलात एकदम शांतता झाली. त्या शांततेत काकांनी, नीट दिसावं म्हणून, एक पाऊल मागे टाकलं. सोबतीही मागे सरकला. आणि मागे सरकताना गाडीने आवाज केला पाहिजे, हा जगभरचा सुरक्षेचा नियम आहे, म्हणून काकांनी त्यात तो बसवलेला होता.

पीप.

एकाहत्तर वर्षांच्या मोरितासानांनी विजेच्या चपळाईने पिस्तूल काढलं. दुखरा गुडघा घेऊन ते धावले, पाचही कागदांवर दोन दोन छर्रे, तीनही पत्रे आडवे. त्यांची त्या वर्षातली सगळ्यात सुंदर खेळी असेल. संपवून वळले तर पंचाच्या हातातला टायमर शून्यावर होता. पंचाने तो सुरूच केला नव्हता. मोरितासान क्षणभर उभे राहिले, मग त्यांनी पंचाला वाकून माफी मागितली, आम्हाला वाकून माफी मागितली, आणि जाता जाता, मी डोळ्यांनी पाहिलं, सोबतीलाही किंचित वाकून माफी मागितली. नियमाप्रमाणे ती खेळी परत झाली. दुसऱ्यांदा त्यांचा गुडघा साथ देईना.

काका मला हळूच म्हणाले, "वय झालं की कान जातात माणसाचे."

पुढच्या महिन्याच्या पत्रकात तळाशी चार ओळी आल्या. अलीकडे काही सहभागींच्या उपकरणांमुळे आवाज होत असल्याचं आढळलं आहे, मैदान चढउताराचं असल्याने प्रत्येकाने शक्यतो आपलं सामान आपल्या हाताने आणावं, सहकार्याबद्दल आभार. खाली वाकलेलं अस्वल. काकांनी पत्रक भाषांतरित करून वाचलं आणि मान डोलावली. "बरोबर आहे. तो निळ्या टोपीवाला मोबाईल बंदच ठेवत नाही."

त्याच आठवड्यात कुरोकीसानांनी मला ऑफिसात कॉफी प्यायला नेलं. अर्धा तास हवेबद्दल बोलल्यावर त्या म्हणाल्या, "तांबवेकरसान फारच कल्पक आहेत." मग कॉफी ढवळली. मग म्हणाल्या की शरदातल्या सामन्यानंतर सभासदत्वाच्या नव्या वर्षाचे अर्ज पोस्टाने जातात, आणि कधी कधी पोस्टात एखादा अर्ज हरवतो. मला सगळं समजलं. शरदातल्या सामन्याला सोबती आला तर काकांचा अर्ज हरवणार होता, आणि का हरवला हे त्यांना जन्मात कळणार नव्हतं.

मी काकांना सांगायला गेले. पण खरं सांगायचं तर मीही सरळ सांगितलं नाही. "काका, काही लोकांना गाडीचा त्रास होतो म्हणे," एवढंच म्हणाले. इतकी वर्षं इथे राहून मलाही नाव न घेता बोलायची सवय लागली होती. काका म्हणाले, "असणारच. नवीन काही आलं की काही लोकांना त्रास होतोच." मी चहा पिऊन खाली आले. स्वतःचा मला त्या दिवशी फार राग आला.

त्यात शरदातल्या सामन्याच्याच रविवारी काकूंच्या वृद्धांच्या देखभालीच्या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा आली. आठ महिने त्या ड्यूटीनंतर वर्गाला जात होत्या. पास झाल्या तर पक्की नोकरी. चुकवली तर पुन्हा वसंतातल्या तुकडीत पहिल्यापासून. परीक्षेचं ठिकाण लांब होतं, पहाटेचीच ट्रेन धरायला हवी होती. आणि व्हॅन मिळणार होती सकाळी आठला. सोबतीला उचलायला दुसरं माणूस हवं होतं. मी आदल्या रात्री मैत्रिणीकडे राहून तिथूनच मैदानावर जाणार होते.

शुक्रवारी मी काकूंना पेन्सिली द्यायला वर गेले तेव्हा काका म्हणत होते, "अगं, परीक्षा काय, वसंतात देता येईल. क्लबातला माझा वर्ग ठरणारे या सामन्यात. ए क्लासला फक्त थोडे गुण कमी आहेत."

"आठ महिने गेलेत अहो माझे," काकू म्हणाल्या.

"मग काय झालं? शिकलेलं कुठे जातं का?"

काकू माझ्याकडून पेन्सिली घेऊन आत गेल्या. मला वाटलं, संपलं. ही बाई रविवारी व्हॅनपाशी उभी असणार. मला त्या क्षणी काकांच्या त्या दीडशे दोषांच्या यादीसकट मोबाईल गॅलरीतून खाली टाकावासा वाटला.

शनिवारी सकाळी काकूंनी मला फोन करून वर बोलावलं. "डबे राहिलेत तुझे, घेऊन जा." मी गेले. काका पाण्यासाठी फ्रिजकडे आले आणि थबकले. फ्रिजवर एक कागद होता. वृद्धाश्रमातल्यासारखाच, छान आखून, ठळक अक्षरात, पण मराठीत.

काकांनी सवयीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "रहिवाशांना विनंती. अलीकडे या घरातील काही व्यक्ती आपले सामान इतरांकडून उचलून घेत असल्याचे निदर्शनास आले आहे. यामुळे इतर रहिवाशांच्या परीक्षेस अडथळा येण्याची शक्यता आहे. रविवारी प्रत्येकाने आपले सामान आपल्या हाताने न्यावे. आपल्या सहकार्याबद्दल आभार." खाली वाकून नमस्कार करणारी बाई काढली होती. तिने साडी नेसली होती.

"कोण असतात हे—" काका सवयीने म्हणाले आणि थांबले. त्यांचा मुलगा कॅनडात होता. घरात दोन माणसं राहत होती.

"सुनंदा," ते म्हणाले, "हे कोणाबद्दल आहे?"

"नाव लिहायची पद्धत नाही इथे," काकू म्हणाल्या, आणि पुस्तक उघडून बसल्या.

काकांनी कागद पुन्हा वाचला, या वेळी मनात. मग त्यांनी मोबाईल काढून क्लबचं पत्रक उघडलं आणि ओठ हलवत वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मृदुला, ते मोरितासान... तो पीप..."

"हो काका."

"आणि त्या बाटल्या? झाकणांच्या?"

"हो."

"पण मग सांगितलं का नाही कोणी?"

मी डबे घेतले आणि खाली आले.

रविवारी मी मैदानाच्या फाटकापाशी गुणांचे कागद लावत होते, तेव्हा बसस्टॉपच्या चढावरून काका येताना दिसले. पाठीवर पिशवी, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात खुर्ची. दहा पावलं चालायचे, थांबायचे, तळहात बघायचे, परत चालायचे. डब्यांपैकी एकच मजला आणला होता. मोरितासान मागून आले. त्यांनी आपला वेग कमी केला आणि शेवटपर्यंत काकांच्या बरोबरीने चालले. त्या दिवशी काकांचे हात इतके थरथरत होते की पत्रे जागचे हलले नाहीत. ए क्लास राहिलाच, ते खालून दुसरे आले. पण प्रत्येक खेळीनंतर ते चिकटपट्ट्या घेऊन धावत होते. दोनदा तर खेळी संपायच्या आधीच धावले आणि पंचाला ओरडावं लागलं.

अर्ज पोस्टात हरवला नाही. काकू पास झाल्या. सोबतीची काकांनी स्वतः एकेक भाग सुटा करून भंगाराच्या नियमांप्रमाणे वर्गवारी केली. बॅटरी वेगळी, तारा वेगळ्या, चाकं वेगळी. तो कचरा सहाव्या मजल्यावरून खाली न्यायला त्यांना सात फेऱ्या लागल्या.

माणूस पार बदलला असं मी म्हणणार नाही. एक दोष जाऊन दुसरा आला. आता प्रत्येक सूचना त्यांना स्वतःबद्दलच वाटायला लागली. लिफ्टमध्ये कोणाच्यातरी कुत्र्याच्या घाणीबद्दल कागद लागला, तर काकांनी लिफ्टमधल्या जपानी बाईंना वाकून सांगितलं, "माफ करा, मी सुधारेन." त्यांच्याकडे कुत्रा नव्हता. इथे असं कबूलही करायचं नसतं. त्या बाई इतक्या गोंधळल्या की तिसऱ्या मजल्यावरच उतरल्या आणि राहिलेले मजले जिन्याने गेल्या.

पुढच्या वर्षी काकूंना योकोहामाच्या मोठ्या वृद्धाश्रमात बढतीवर जागा मिळाली आणि त्यांनी घर बदललं. ते जाताना मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेले. काका दोन पिशव्या आणि एक पेटी घेऊन उभे होते, दमले म्हणून पेटी खाली ठेवलेली. तेवढ्यात फलाटावर नेहमीची घोषणा झाली, सामान वाटेत ठेवू नये, इतरांना अडचण होते. काका दचकले. त्यांनी पेटी उचलून छातीशी धरली आणि वर भोंग्याकडे बघून कमरेत वाकले. मला हसू आवरेना.

काकूंनी ते पाहिलंसुद्धा नाही. त्या चार पावलं पुढे उभ्या होत्या, ट्रेनची वाट बघत. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते.